गुंतुर नावाच्या शामा पक्ष्याने मांजरे बोलावल्याबाबत

मी वार्सिना, पोनिरान यांची पत्नी, वय ५६ वर्षे, धंदा लोकांची पाळीव जनावरे सांभाळणे, राहणार नदीकाठची आळी, क्लातेन, मध्य जावा. बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. ईदेला लोक गावी निघाले की आपली जनावरे आमच्याकडे ठेवतात व परतल्यावर घेऊन जातात. यंदाच्या ईदेला आमच्या घरी पुष्कळ मांजरे, काही ससे, एक बोकड व एक कासव होते. कासवाबद्दल कोणाचीही तक्रार नाही.

फिर्यादी पाक (म्हणजे श्रीयुत) कुस्तोयो हे फर्निचरचे व्यापारी असून आमच्या ओळखीचे आहेत. त्यांनी गावी जाताना गुंतुर नावाचा शामा पक्षी पिंजऱ्यासह आमच्या ताब्यात दिला. सदर पक्ष्याने गाण्याच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवलेली आहेत. शामा जे ऐकतो ते उचलतो. म्हणून त्याला बंद खोलीत ठेवावे, नामांकित पक्ष्यांच्या गाण्यांचे रेकॉर्डिंग ऐकवावे, दुसरा आवाज कानी पडू देऊ नये, असे त्यांनी बजावले. "बू, तुमचा आवाजसुद्धा नको," असे ते मला म्हणाले. त्यावर माझे पती म्हणाले, "पाक, तो बंद करायची सोय असती तर मीच आधी केली असती."

काही झाले तर फोन करू का, असे मी विचारले असता, "मेला तरच करा," असे त्यांनी सांगितले.

आम्ही पक्षी मागच्या खोलीत ठेवला. रेकॉर्डिंग चालू ठेवले. पक्ष्याने खाणे सोडले. पुढे तो आपल्याच छातीची पिसे उपटू लागला. माझे पती त्या खोलीत जाऊन बसत. तेथे बसून ते काय करत होते, हे मी पाहिलेले नाही. नंतर त्यांनी मला न विचारता पिंजरा उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर टांगला. मी म्हटले, "पाक कुस्तोयो आपली कातडी सोलतील." ते म्हणाले, "सोलू देत. हा तिथं स्वतःची सोलतोय, ते दिसत नाही का तुला?"

त्याच दिवशी पक्ष्याने रातकिडे खाल्ले.

मी रोज सकाळी मांजरांना जेवायला बोलावते. ओठांनी पुच्‌पुच्‌ करते व मग एक लांब शीळ घालते. माझी आई तशीच घालायची. पक्षी ते ऐकत होता, पण त्याने ते उचलल्याचे मला कळले नाही. माझ्या पतींना कळले होते, असे आता वाटते. कारण एके सकाळी मी अंथरुणातच असताना मांजरे ताटल्यांपाशी गोळा झाली होती. "कोणी बोलावलं यांना?" असे मी विचारले असता, "असेल कोणीतरी," असे सांगून ते चहा करायला गेले. चहा ते कधीही करत नाहीत.

ईद झाल्यावर पाक कुस्तोयो पक्षी घेऊन गेले. त्याची पिसे भरून आली होती. त्यांनी आमचे आभारही मानले.

पुढे गुंतुर गाण्याच्या एका स्पर्धेत उतरला, त्या वेळी मी हजर नव्हते. माझे पती मला न सांगता गेले होते. त्यांच्याकडून समजले ते असे. गुंतुर आधी फार सुंदर गायला. परीक्षक माना डोलावत होते. मग त्याने मांजरे बोलावली. मैदानाच्या कडेला भाजलेल्या मांसाच्या गाड्या होत्या. त्यांच्याखालून मांजरे निघाली व पिंजऱ्यांखाली वर बघत बसली. बाकीच्या पक्ष्यांनी गाणे बंद केले. गुंतुरने पुन्हा बोलावली. आणखी आली. एक परीक्षक म्हणाले, "गाणारा आता हा एकटाच उरलाय, नियमाने पहिला नंबर याचाच." त्यावरून मारामारी झाली. मारामारीत माझे पती नव्हते. ते हसत होते, ही गोष्ट खरी आहे.

आम्ही पक्षी बदलला, नाहीतर मुद्दाम बिघडवला, असे पाक कुस्तोयो यांचे म्हणणे आहे. तसे ठरले तर आमच्या दारात कोणी सशाचे पिल्लूही ठेवणार नाही.

आज सकाळी सदर पक्षी ठाण्यात आणण्यात आला. पायातल्या कड्यावरचा नंबर पडताळला असता पक्षी तोच निघाला. त्यावर पाक कुस्तोयो म्हणाले, "पक्षी माझाच आहे, पण गळा माझा नाही!" इतक्यात पक्ष्याने पुच्‌पुच्‌ करून शीळ घातली. फायलींच्या कपाटामागून एक मांजरी व अंमलदारांच्या टेबलाखालून दोन पिल्ले बाहेर आली. ठाण्यात मांजर पाळलेले नाही, असे अंमलदारांनी सांगितले व हा मजकूर घेण्याची गरज नाही असे म्हणाले. मी घ्या म्हटले. सदर मांजरी त्यांच्या बुटावर बसली होती.

सगळे हसले. पाक कुस्तोयो म्हणाले, "हसता काय? या गळ्यासाठी मी दोन वर्षं बायकोला घरात मोठ्यानं बोलू दिलेलं नाही."

मग कोणी हसले नाही.

माझ्या पतींनी विचारले, "पाक, तुमच्या घरी हा आपणहून कधी गायला होता?" पाक कुस्तोयो पिंजऱ्यापाशी गेले. नंतर त्यांनी ओठ पुढे काढून पुच्‌पुच्‌ करून पाहिले. त्यांना नीट जमत नाही. तरी पक्ष्याने उत्तर दिले. त्यांनी पुन्हा केले. मग खिशातून रुमाल काढून ते म्हणाले, "घेऊन जा याला. माझी तक्रार नाही. कधीतरी येऊन ऐकलं तर चालेल ना?" माझे पती म्हणाले, "तुमच्या घरच्या बूंना घेऊन या. आमच्याकडे मोठ्यानं बोललेलं चालतं."

मी नको म्हणत होते. आम्ही स्वतःचे जनावर ठेवत नाही. पूर्वी एक मांजरी होती. ती गेल्यावर दुसरे आणायचे नाही, असे माझ्या पतींनीच ठरवले होते. याबद्दल मला जास्त सांगायचे नाही. माझे बोलणे पुरे होण्यापूर्वी ते पिंजरा घेऊन बाहेर मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहिले होते. मी बोलावले असता त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. वर "सदर पक्षी" असे लिहिले आहे, ते बदलून द्या म्हटले असता, आता खाडाखोड चालणार नाही, काय ते शेवटी लिहा, असे अंमलदार म्हणाले. म्हणून शेवटी लिहिते की, सदर पक्षी आमचा आहे.

(सही) वार्सिना