अकरावा नियम आणि बटणातलं मेण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, जुने रेडिओ जतन मंडळाचे व्यासपीठावर बसलेले आजी-माजी पदाधिकारी, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, उद्यापासून परीक्षकपदाचं ओझं घेणारे आपले औषधविक्रेते सदस्य, पहिल्या रांगेत बसलेली माझी थोरली बहीण, सर्व सभासद, त्यांच्यासोबत नाइलाजाने आलेली त्यांची कुटुंबं, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे भाऊजी,

मंडळाचे सेट मी दुरुस्त करते, आणि नात्याने सत्कारमूर्तींची मेहुणी लागते. मेहुणीला भाऊजींची थट्टा करण्याचा हक्क असतो, म्हणून अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. घरून निघताना ताईने बजावलंय, गोड बोल. मी प्रयत्न करते.

आधीच्या तीन वक्त्यांनी भाऊजींच्या नाकाचा गौरव केला. रास्तच आहे. आपण सगळे त्यांना पाठीमागे नाकसाहेब म्हणतो, आणि आता समोरही म्हणायला हरकत नाही, कारण गुण देण्याचं काम आज संपलं. पाहुण्यांसाठी सांगते. रेडिओची पेटी खऱ्या बेकेलाइटची आहे की नंतरच्या प्लास्टिकची, हे ओळखायची एक जुनी रीत आहे. अंगठा गरम होईपर्यंत पेटीवर चोळायचा आणि हुंगायचा. कार्बोलिक साबणासारखा, दवाखान्यासारखा वास आला तर बेकेलाइट. रीत चांगली आहे, मीही वापरते. फक्त मी ती रेडिओपुरती वापरते. भाऊजी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा ताईकडे बघण्याआधी त्यांनी भिंतीवरचं दिव्याचं बटण चोळून हुंगलं होतं. मग किटलीची मूठ. मग बाबांच्या चष्म्याची दांडी, तीही बाबांच्या नाकावर असताना. बाबांनी मला आत बोलावून विचारलं, हा मुलगा बरा आहे ना? मी तेव्हा लहान होते, पण प्रश्न मला पटला होता.

पुढे काही वर्षांनी ते आपले परीक्षक झाले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. या काळात त्यांनी आपल्याला किती शिकवलं! पेटीच्या तळाशी साच्याचा क्रमांक असतो तो बघा. चारही बटणं एका घरची आहेत की शेजाऱ्याकडून आणलेली, ते बघा. व्हॉल्व्हच्या उष्णतेने मागच्या बाजूला केसाएवढी चीर गेलेली असते, तिथे बोट फिरवा. पाठीचा पुठ्ठा मूळचा असेल तर किंमत दीडपट, नसेल तर मालकाच्या तोंडावर सांगा. हे शेवटचं ते फार मनापासून करायचे. एका निवृत्त टपाल कारकुनाने स्वतः रंगवलेला सेट आणला होता, त्यावर भाऊजींनी लिहिलं, मालकाने हात लावल्यामुळे मूल्य शून्य. ते गृहस्थ पुन्हा मंडळात फिरकले नाहीत. दर्जा राखायचा म्हणजे माणसं कमी व्हायचीच, असं भाऊजींचं म्हणणं असे.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी बघितली नाही, ती म्हणजे रेडिओचं पोट. आत बघणं हे मेकॅनिकचं काम, परीक्षकाचं नव्हे, अशी त्यांची भूमिका. आता हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण मेकॅनिकच्या मनात काय येत असेल, याचा कोणी विचार केलाय का? साठ-सत्तर वर्षं बंद पडलेला सेट कोणी थेट बोर्डात खुपसतो का? मी आधी शंभर वॉटचा बल्ब मध्ये जोडते. बल्ब भगभगला तर आत शॉर्ट आहे, सेट सोडून द्यायचा. मंद राहिला तर पुढे जायचं. आतले कागदी कंडेन्सर वाळून गेलेले असतात, ते बदलायचेच. रबराची वायर हातात धरली की तिचा भुगा होतो, तीही बदलायची. भाऊजींच्या नियमावलीत मात्र एकेका बदललेल्या भागाला दोन गुण वजा. म्हणजे सेट जितका सुरक्षित, तितका निकृष्ट.

अध्यक्ष महोदय, आज निरोपाचा दिवस आहे, तेव्हा एक कबुली देऊन टाकते. गेली बारा वर्षं मी जुन्या कंडेन्सरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या गरम करून पोकळ करते, त्यांत नवे कंडेन्सर भरते आणि तोंड पुन्हा मेणाने बंद करते. अशा एकोणचाळीस सेटना भाऊजींनी अस्सलपणाचे पैकीच्या पैकी गुण दिले आहेत. त्यातले सात सेट आत्ता व्यासपीठावरच्या मंडळींच्या दिवाणखान्यात आहेत आणि म्हणूनच त्यांचे दिवाणखाने अजून जळालेले नाहीत. पाणी घ्या, भाऊजी. ग्लास तुमच्या उजवीकडे आहे.

आता मेणाचा विषय निघालाच आहे, तर मी ज्यासाठी उभी आहे त्याच्याकडे येते.

टेबलावर लाल फीत बांधलेली वही दिसते ना, ती परीक्षकांची नियमावली. कार्यक्रमाच्या शेवटी ती नव्या परीक्षकांच्या हाती जाईल आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं तिच्याबरहुकूम कारभार चालेल. तिच्यात अकरावा नियम भाऊजींच्या हातचा आहे. मला तो पाठ आहे. बटणाच्या भोकात मेण, मळ वा तत्सम घाण आढळल्यास पाच गुण वजा. हा नियम काढा म्हणून मी चार वर्षं लेखी अर्ज करते आहे. समितीचं उत्तर दरवर्षी एकच, की भाऊजींच्या कार्यकाळात नियम बदलला तर त्यांचा अपमान होईल. आज रात्री त्यांचा कार्यकाळ संपतो. म्हणून मी घाईत आहे.

ते मेण घाण नाही, हे मी पुन्हा एकदा सांगते. काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. वीज सरळ आतल्या लोखंडी सांगाड्याशी येऊन भिडते. दोन पिनांचा प्लग सुलटा बसला तर सांगाडा गार, उलटा बसला तर सांगाड्यात मेन्सची वीज. बाहेरून कळत नाही, कारण बेकेलाइटमधून वीज येत नाही. पण बटण दांडीवर घट्ट बसवायला एक बारीक स्क्रू असतो, तो दांडीला लागतो आणि दांडी सांगाड्याला. म्हणून कारखान्यातली माणसं त्या स्क्रूच्या भोकात मेण भरत असत. बोट तिथे पोचू नये म्हणून. एवढंसं मेण, डाळीच्या दाण्याएवढं, पण ते भरणाऱ्याला काहीतरी माहीत होतं.

भाऊजींना ते कानातल्या मळासारखं दिसलं. ते दातकोरणीने काढायचे, अगदी एकाग्रतेने, जिभेचं टोक बाहेर काढून. गुण देऊन त्यांची पाठ वळली की प्रदर्शन उघडण्याआधी मी ते पुन्हा भरायची. पुढच्या वर्षी ते काढायचे. नऊ वर्षं आमचा हा खेळ चालला. मी त्यांना समजावलं नाही असं नाही. ते म्हणायचे, तू आतलं बघ, बाहेरचं मी बघतो. मी हसून सोडून द्यायची. हा माझा दोष, आणि तो मी इथे सर्वांसमोर मान्य करते.

दहाव्या वर्षी त्यांनी नवीन पद्धत काढली. तपासलेल्या सेटवर आदल्या दिवशीच कागदी मोहोर लावायची आणि नंतर मेकॅनिकने हात लावायचा नाही. त्यात एक सेट आमच्या बाबांचा होता, ताई सासरी जाताना त्यांनी तिला दिलेला. काळा, गोल खांद्यांचा, तो आज इथे टेबलावर ठेवला आहे. प्रदर्शनात तो वाजत होता, लोक ऐकत होते. पाहुण्यांची मोटार फाटकात आली आणि भाऊजींना बटणावर कोणाच्या तरी बोटाचा ठसा दिसला. त्यांनी ताईला हाक मारून सांगितलं, जरा पुसून घे. ताईने रुमालाचं टोक ओलं केलं. डावा हात लोखंडी टेबलावर टेकला आणि उजव्या हाताने बटण पुसलं.

मी दारात होते. प्लग ओढेपर्यंत ती खाली पडली होती.

ती आपल्यात आहे, याबद्दल मी रोज कोणाचे आभार मानते ते मला ठाऊक नाही. पण तिच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. नव्या सभासदांना हे माहीत नसेल, की ताई बाबांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कॉइल गुंडाळायची. केसाहून बारीक तांब्याची तार, शेकडो वेढे, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. बाबा माझी कॉइल उजेडाकडे धरून सुस्कारा सोडायचे आणि तिची न बघताच बसवायचे. त्या दिवसापासून तिने एकही कॉइल गुंडाळलेली नाही. मला तिचा हेवा वाटायचा. आता तिची जागा मला मिळाली आहे आणि ती मला नको आहे.

आणि आपल्या मंडळाने काय केलं? त्या वर्षीच्या अहवालात एक ओळ आहे. प्रदर्शनादरम्यान एका महिलेला किरकोळ चक्कर आली, मात्र कार्यक्रम निर्विघ्न पार पडला. त्याखाली निकाल आहे. स्वच्छतेचं पहिलं पारितोषिक, काळा, गोल खांद्यांचा सेट.

अध्यक्ष महोदय, घंटी वाजवू नका, माझी दोन मिनिटं शिल्लक आहेत.

मला भाऊजींचा राग आहे का? आहे. पण मी त्यांना ओळखते. दवाखान्यात ते ताईच्या उशाशी अकरा दिवस बसले होते. दाढी वाढली, नोकरीवर गेले नाहीत, एकाही वस्तूचा वास घेतला नाही. चूक त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती. तोंडातून मात्र ती कधी बाहेर पडली नाही, आणि अकरावा नियम वहीत राहिला, कारण तो खोडायचा म्हणजे कबूल करायचं. ताईने कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. दोघं रोज समोरासमोर बसून जेवतात.

मंडळाने मला सांगितलं होतं, की सत्कारमूर्तींना भेट म्हणून हाच सेट नीट करून दे. तो मी केला आहे. बल्ब लावून तपासला, कंडेन्सर बदलले, यावेळी उघडपणे बदलले, वायर नवी आहे, प्लग तीन पिनांचा आहे, उलटा बसणारच नाही. पेटीला मी फक्त ओलसर फडकं आणि थोडं पॉलिश लावलं, खरवडलं काही नाही. चारही बटणांची भोकं तेवढी रिकामी ठेवली आहेत. ही वाटी. यात पातळ केलेलं मेण आहे, आणि ही काडी. हे काम बाहेरचं आहे, भाऊजी, तेव्हा ते तुमच्याकडे.

उठताय? या. सावकाश. सभासदांनी कृपया जागा सोडू नये, दिसेल सगळ्यांना.

एक भरलं. दुसरं थोडं सांडलं, हरकत नाही, नखाने निघेल. तिसरं. चौथं. आणि बघा, सवयीने अंगठा नाकाशी गेलाच. हसा, ते स्वतःही हसताहेत. हो ना? नाही, ते हसत नाहीयेत. क्षमा करा.

काही म्हणायचंय? माईक इकडे आहे, भाऊजी. तिकडे बोललात तर फक्त मलाच ऐकू येतं, आणि मला ते चौदा वर्षांपूर्वी ऐकायचं होतं.

"अकरावा नियम मी रद्द करतो. तो चुकीचा होता. मीच भोकं साफ केली होती."

आभारी आहे. पेन वहीच्या फितीत खोचलं आहे. नव्या परीक्षकांनी जवळ येऊन बघावं, ओळ पूर्ण खोडली गेली की नाही. टाळ्या जरा थांबवा, पहिल्या रांगेतून कोणीतरी बोलतंय. ताई, उभी राहा, मागच्यांना ऐकू येत नाहीये.

"आणि तो अहवाल? मला चक्कर आली नव्हती."

चिटणीस, लिहून घ्या. जसंच्या तसं लिहा, शब्द बदलू नका.

तर सभासदहो, मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घंटी खाली ठेवली, ताईने मला गोड बोल म्हणून सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, या सगळ्यासाठी मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर आपण सगळे मोठ्या मनाने पोटात घालाल, अशी आशा आहे. भाऊजींना माफ करायचं की नाही, हे मात्र सभेच्या अखत्यारीत येत नाही. ते पहिल्या रांगेत ठरेल, आणि तिला हवा तेवढा वेळ लागू द्या. चहा बाहेरच्या खोलीत आहे. जाताना कोणीही रेडिओच्या बटणाला हात लावू नये, मेण अजून ओलं आहे.