लाल, हिरवी, निळी

"काका, तुमच्या औषधाने अळी मरते की नुसती आंघोळ करते?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शेती-औषधांच्या दुकानात विचारलंच! बाबांनी आमच्या टोमॅटोसाठी निळी बाटली आणायला पाठवलं होतं. दुकानदारकाकांआधी रांगेतल्या पुढच्या मावशीच बोलल्या.

"बरोबर विचारतेय पोरगी. लाल बाटली झाली, हिरवी झाली, अळी ढिम्म."

"म्हणून तर ही निळी, मावशी. एकदम नवी."

"थांब, चष्मा लावते. हे बारीक अक्षरातलं नाव लाल बाटलीवर होतं. हिरवीवरही होतं!"

"कंपनी वेगळी आहे ना."

"कंपनी वेगळी, आतलं औषध तेच! दोन्ही वेळा ज्या अळ्या वाचल्या, त्यांचे पतंग झाले. आता त्यांचीच पिल्लं माझे टोमॅटो पोखरतायत. त्यांना या औषधाने काय होणार?"

"डोस वाढवून बघा."

"वाढवला. पानं करपली, अळी ठणठणीत. मला वेगळ्या गटाचं, आतून खरंच वेगळं असलेलं औषध दे, आणि पतंग पकडायचे सापळे."

घरी बाबा फवारणीचा पंप धूत होते. आईने विचारलं, "बाटली कुठंय?"

"आणली नाही. हे सापळे आणलेत. आणि आई, बाबा, आजपासून आपल्या घरात बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचणार. मी वाचल्याशिवाय पंप भरायचा नाही!"