काम आजच झालं

सरहद्दीजवळच्या पोलिश गावात युद्धामुळे घर सोडून आलेल्या आम्हा युक्रेनियनांची नोंदणी चालली होती. रांगेत माझ्यापुढे ओदार्काबाई आणि त्यांची सून लेस्या होत्या.

"आई, कागद नीट धरा."

"मला शिकवू नकोस. आपल्या गावच्या कचेरीत तीस वर्षं खिडकीत बसलेय मी. पहिल्या खेपेला कुणाचं काम केलं नाही."

"माहितेय. माझ्या लग्नाच्या नोंदीला मलाच तीनदा परत पाठवलंत."

"फोटोत तुझा कान दिसत नव्हता."

तेवढ्यात खिडकीतल्या पोलिश बाईने दोघींना बोलावलं.

"हा पासपोर्ट. झेरॉक्स नाहीये हं."

"आम्ही काढतो, आजी. इथे बोट टेकवा. झालं! हा तुमचा नंबर. आता इथे राहा, काम करा, दवाखान्यात जा."

"झालं? म्हणजे आजच?"

"आजच."

"नीट बघा बाई, एखादी सही राहिली असेल."

"सगळं बरोबर आहे."

"आई, चला ना, मागे लोक खोळंबलेत."

"थांब गं! अहो बाई, एकदा तरी 'उद्या या' म्हणा ना. इतक्यात मला इथली कशाला करता?"

खिडकीतल्या बाईने नंबराचा कागद हळूच मागे ओढला.

"बरं, आजी. उद्या या."