लसणाच्या तेलाची चौदावी बाटली

नाही नाही, नाताळची कॅरोल म्हणायला नाही आले मी, आणि वर्गणीही नकोय — ती बाटली हवीय फक्त. शनिवारी चॅपलच्या सोडतीत तुम्हाला टोपली लागली ना, मिस्टर पॅरी, तपकिरी कागदातली, वर लाल लोकर बांधलेली? आत पास्ता, वाळवलेले टोमॅटो, आणि एक उंच बाटली, लसणाचं तेल — हां, तीच. ती टोपली मी केलेली. मी लाउरी, लाउरी बेवन, ग्रंथालयात काउंटरवर असते ती — तुम्ही रेल्वेची पुस्तकं नेता ना, नेहमी एक दिवस उशिरा आणता. तर झालंय असं, की त्या बाटल्यांच्या काचेला बारीक तडे आहेत. सगळ्या लॉटलाच. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कपची तेलात उतरली आणि पोटात गेली तर — म्हणून सगळ्या परत घेत फिरतेय. बाकी टोपली ठेवा, टोमॅटो चांगलेत. एवढी बाटली द्या, की चालले. आत? बरं, आत येते, बूट इथंच काढते, चिखल आहे.

चहा नको. खरंच नको, मिस्टर पॅरी, सकाळपासून वणवण चाललीय, घरी जाऊन घेईन. तुम्ही बाटली तेवढी शोधा, मी उभीच राहते. स्वयंपाकघरात आहे? चुलीवरच्या फळीवर — म्हणजे उबेत. हो, तिथंच ठेवतात सगळे, तेल थिजू नये म्हणून. मीच लिहिलं होतं ना चिठ्ठीवर — फ्रिजमध्ये ठेवू नका, थिजतं, उबदार कपाटात ठेवा, ईस्टरपर्यंत टिकेल. माझ्या हातचं अक्षर आहे ते. चौदा चिठ्ठ्या, चौदा घरी भेट दिलेल्या टोपल्यांसाठी, ब्रेडच्या कागदी पिशव्या कापून केल्या. एक गोष्ट विकत आणली नव्हती मी, तुम्हाला सांगते — म्हणजे तेल आणलं, पास्ता आणला, पण बाटल्या लोकांच्या रिकाम्या, लोकर उसवलेल्या स्वेटरची, टोमॅटो आमच्याच काचघरातले. दर डिसेंबरात बघते ना मी, आख्खी गल्ली बस भरभरून कार्डिफला जाते आणि पिशव्या भरभरून प्लॅस्टिक आणते, आणि जानेवारीत तेच सगळं कचऱ्याच्या डब्याबाहेर सांडलेलं. मला चीड येते. कॉलेजातून परत आले तेव्हाच ठरवलं होतं, निदान आपल्या गल्लीत तरी हे थांबवायचं. म्हणून चॅपलच्या मागच्या खोलीत चार रविवार वर्ग घेतले — हातानं करा, घरचं द्या. न्हाणीची टोपली, त्यात मीठ आणि लॅव्हेंडर. थंडीची टोपली, त्यात कोको आणि मोजे. आणि इटलीची टोपली, ती माझी लाडकी. वीस बायका यायच्या हो. वीस. बायबलच्या वर्गाला सहा येतात.

मिळाली? द्या इकडे. नका धरू उजेडाकडे, दिसायचा नाही तडा — सांगितलं ना, बारीक असतो. हो, मला कळतंय तुम्ही तीस वर्षं काचेच्या कारखान्यात होता, पण — नाही, टिचकी मारून काय कळणार? बरं, मारा. काय? चांगली वाजते? ... हो. चांगलीच वाजणार ती. तडा नाहीये, मिस्टर पॅरी.

तडा नाहीच आहे कुठल्याच बाटलीला. मी खोटं बोलले. बसू का मी इथं, पायरीवर? बसतेच. सकाळपासून तेरा घरी हेच खोटं सांगत आलेय, आणि कुणी बाटली वाजवून नाही पाहिली, तुम्ही पहिले. तेलात दोष आहे. म्हणजे तेलात नाही, लसणात — लसूण जमिनीतला ना, त्याला मातीतलं काही चिकटून येतं, किती धुतला तरी राहतं. एरवी काही करत नाही ते, आपण रोज खातो लसूण. पण तेलात बुडवून ठेवला की हवा लागत नाही, आणि हवा नसली आणि ऊब असली की त्यातलं ते वाढतं, विष धरतं. वास नाही, चव नाही, रंग तसाच सोनेरी. मी पाकळ्या कच्च्याच घातल्या होत्या, रोझमेरीच्या काड्यांबरोबर, दिसायला इतकं सुंदर दिसायचं ते. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या चौदा बाटल्या मीच भरल्या. आज तेवीस तारीख. काल दुपारी ग्रंथालयात बसून वर्गासाठी पुढच्या वर्षीचा कागद लिहीत होते, म्हटलं जरा बघावं लिंबू घातलं तर किती दिवस टिकतं — आणि वाचलं ते. तीनदा वाचलं. मग दुसऱ्या पुस्तकात बघितलं, म्हटलं पहिलं चुकीचं असेल. नव्हतं.

काल कळलं, हो. आज आले. काल संध्याकाळी का नाही निघाले, ते नका विचारू — विचारलं नाहीत तुम्ही, मीच सांगतेय. काल मी घरी बसून ठरवत होते, काय सांगायचं लोकांना. तड्याची युक्ती सुचायला रात्र गेली. कारण त्या मिसेस प्रॉसर. ओळखत असाल, शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या जन्मभर, त्या वर्गात पहिल्याच रविवारी मागच्या रांगेतून म्हणाल्या, पोरी, लसूण तेलात कच्चा ठेवू नये, आम्हाला शाळेत बंदी होती त्याची. आणि मी काय म्हणाले माहितीय? मी सगळ्यांसमोर म्हणाले, मिसेस प्रॉसर, शाळेत तुम्हाला मीठ घालायलाही बंदी होती, आम्ही जेवलोय तिथं. हशा पिकला. अख्खी खोली हसली, त्याही हसल्या थोड्या, आणि त्यानंतर आल्या नाहीत. मी म्हटलं बरं झालं. असल्या भित्र्या लोकांमुळेच दुकानांचं फावतं, तारखा छापतात आणि आपण चांगलं अन्न फेकतो — हे मी रोज बोलते, पाठ आहे मला. आता कुठल्या तोंडानं दारोदार सांगू, की ती म्हातारी बरोबर होती आणि माझं तेल विषारी आहे? म्हणून तडा.

लोकांनीही काय सोडलं नाही मला. एका घरी मायर म्हणाली, काय गं, दुकानाच्या तारखेवर विश्वास ठेवू नका म्हणायचीस, तुझ्या मालाची तारीख चार आठवड्यांतच उलटली का? तिनं ते तेल फाटकाच्या बिजागरीला घातलं होतं. हसत हसत सांगितलं, आता करकरत नाही म्हणून. मला इतकं बरं वाटलं, मी तिला मिठीच मारली, तिला वाटलं मला वेड लागलंय. अकरा बाटल्यांची तर बुचंही काढली नव्हती. अकरा. एवढं कौतुक केलं होतं सगळ्यांनी, आणि फळीवर शोभेला ठेवलं होतं. एरवी मी रडले असते. आज प्रत्येक बंद बुचाला हात जोडत होते. आणि ही तुमची — ही मी नेरिसला दिली होती, माझी मैत्रीण, पाच वर्षांची असल्यापासून. आज तिच्या दारात गेले तर ती लाल झाली. तिनं टोपली न उघडताच सोडतीत देऊन टाकली होती. म्हणाली, राग नको मानू, लाउरी, पण दरवर्षी तुझं काहीतरी घरचं असतं, आणि आम्हाला ते — पुढं बोलली नाही. मी म्हटलं राग नाही, कुणाला लागली ते सांग. सोडतीच्या यादीत तुमचं नाव होतं.

खाण्यासाठी उघडलेली एकच. ती गेराइंटची, वळणावरच्या घरातला. त्यानं पास्त्यात घालून खळखळ उकळलं म्हणे, उकळल्यावर ते विष मरतं असं लिहिलंय, पण त्यानं आणखी कशात घातलं असेल, कच्चं सॅलडवर वगैरे, ते मी विचारलंच नाही. तडा सांगितला होता ना, मग काचेचंच विचारलं. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही कशावर लक्ष ठेवायचं. तो आज काच टोचतेय का बघत बसला असेल. हे आत्ता, तुम्हाला सांगताना लक्षात येतंय माझ्या.

द्या आता ती बाटली इकडे. ही पण उघडलेली? अर्धी आहे, मिस्टर पॅरी. अर्धी संपलीय ही. तुम्ही खाल्लंत? नाही? लसूण सोसत नाही — मग कुणी? थांबा. मिसेस पॅरी कुठायत? वर झोपल्यात, बरं. भर दुपारी? ताप आहे? ताप नाही. मग फ्लू कसा म्हणता? शनिवारपासून रोज पाव बुडवून — कच्चंच, बशीत ओतून, टीव्हीसमोर. आवडलं त्यांना. नका हो सांगू मला आवडलं म्हणून. आज सकाळपासून कसं वाटतंय त्यांना, नीट सांगा, एकेक सांगा. तोंड कोरडं पडलंय. अजून? टीव्हीवर दोन दोन माणसं दिसतात — असं म्हणाल्या? तुम्ही काय म्हणालात? चष्मा पूस म्हणालात. बोलताना जीभ जड? दारू प्यायल्यासारखं. गिळता येतंय त्यांना? सकाळचा चहा गिळला का? तसाच पडलाय कपात.

नाही, जाऊ नका चहा गरम करायला. काही पाजू नका त्यांना, पाणीसुद्धा नाही, घशात अडकेल. फोन कुठाय तुमचा? माझ्याला या घळीत रेंज नाही. दिवाणखान्यात, दिसला. ऐका, औषध आहे यावर. आहे, वाचलंय मी, दवाखान्यात देतात, पण लवकर द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं — मी काल संध्याकाळी आले असते तर — ते आता नाही. तुम्ही वर जा, त्यांना उशीला टेकवून बसवा, श्वास कसा चाललाय बघा, आणि बोलत राहा त्यांच्याशी. हात धरू नका माझा, मिस्टर पॅरी, मला नंबर लावायचाय. माझ्यावर ओरडलात तरी चालेल, पण नंतर.

हॅलो — रुग्णवाहिका. पाइन टेरेस, नऊ नंबर, चॅपलच्या वरच्या अंगाला. बाई, बहात्तर वर्षांच्या, ऑलवेन पॅरी. दोन दिसतंय, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. लसूण घातलेलं तेल, कच्चं, तीन दिवस खाल्लंय. नाही, दुकानातलं नाही. कंपनी नाही. घरी केलेलं. मी केलंय. हो, मीच, लाउरी बेवन. बाटली माझ्या हातात आहे, जे येतील त्यांच्याकडे देते. आणखी कुणी? हो. चौदा बाटल्या होत्या. थांबा, नावं सांगते सगळी, लिहून घ्या — आणि त्यांना फोन कराल तेव्हा ते बाटलीला तडा होता म्हणतील, ते धरू नका, तडा नव्हता, ते मी —

तुम्ही अजून इथंच का, मिस्टर पॅरी? जा ना वर. जा.