भावोजींची गाठ

...आणि वर माझ्यावरच चिडतात! तुम्हाला सांगते, आमचे भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सुतारकाम करतात. घरातली कुणी बाई डॉक्टरकडे निघाली, की रंधा थांबवून एकच पालुपद, "तुमच्यासाठी शिबिरं, तुमच्यासाठी तपासण्या... पुरुषांकडे कोण बघतं?" बरं, बघायला जावं, तर "मला काय धाड भरलीय?"

आणि एक दिवस छातीवर फळी आपटली, चोळायला हात नेला, तर गाठ! वाटाण्याएवढी! बायकोला सांगेनात, मला स्वयंपाकघराच्या दारात अडवून विचारतात, "वहिनी, पुरुषांना... तिथं... होतं का हो?" आवाज इतका बारीक, की माझंच काळीज लक्कन हललं. पण दाखवते कुठे? म्हटलं, "होतं. चप्पल घाला!"

गेलो इस्पितळात, स्तनतपासणी विभागात. तिथं सगळ्या बायका, आणि मधोमध भावोजी, मिशा घेऊन! नर्स विचारते, "पेशंट कोण?" यांनी खुशाल माझ्याकडे बोट केलं! म्हटलं, "हेच!" झालं... सगळ्या माना वळल्या. मी हळूच म्हटलं, "पुरुषांकडे कोण बघतं म्हणत होतात ना? घ्या, सगळ्या बघतायत!" हसले नाहीत हो. सारखे दाराकडे बघत होते. शेजारच्या आजींनी काय करावं? सरळ यांचा हात धरला, "पहिल्यांदाच ना, बाळा? यंत्र जरा चिमटतं, श्वास रोखायचा, की सुटलास!" पन्नाशीचं बाळ! पण नाव पुकारेपर्यंत बाळानं हात काही सोडला नाही.

मग फुलाफुलांचा झगा... त्याच्या नाड्या बांधल्या कुणी? मीच! यंत्र झालं, सुई झाली, आणि निकालाला आठवडा! त्या आठवड्यात रंधा बंद, 'पुरुषांकडे कोण बघतं' तेही बंद. मलाच करमेना हो!

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी चरबीची गाठ आहे. घरी जा." भावोजी मटकन खुर्चीत बसले, आणि हसता हसता रडायला लागले... मग मीही.

बाहेर कागद घ्यायला गेलो, तर खिडकीतली मुलगी म्हणते, "काका, या विभागाच्या कम्प्युटरात नावाआधी दोनच पर्याय आहेत. कुमारी लिहू की सौभाग्यवती?" मी भांडायला पुढे सरसावले, तर यांनी मलाच मागे ओढलं, "कशाला ओरडता, वहिनी?" आणि डोळे पुसत तिला म्हणाले, "सौभाग्यवती लिही, बाई... गाठ साधी निघाली, आणखी सौभाग्य ते काय असतं?"