तांदळातलं नाव

— एकच हो, मानाजीराव, एकच. दोन सुना नाहीत मला. प्राचीही तीच नि ऊर्मीही तीच. जन्माच्या दाखल्यावर प्राची, डिग्रीवर प्राची, लग्नाच्या दाखल्यावर ऊर्मी, पासपोर्टवर ऊर्मी — आणि आता जर्मनीतल्या त्या कचेरीतली बाई विचारतेय, ही दुसरी कोण? चुकलं काय तिचं? आठ वर्षं राहिलात, भाषेची परीक्षा दिलीत, आता आमचे नागरिक व्हायचं म्हणता — मग आधी तुम्ही कोण ते तरी सांगा. उन्मेष रविवारी फोनवर म्हणाला, आई, तिथं चेन्नईतच, वेलचेरीत नोटरी बघ, प्रतिज्ञापत्र कर, गुरुवारच्या आत स्कॅन करून पाठव. मजकूर त्यानं पाठवलाय, तुम्ही फक्त टाइप करून शिक्का मारायचा. चौदा पायऱ्या चढून आले मी तुमच्याकडे, या गुडघ्यांनी. खाली एक नोटरी होता, पण त्याला तमिळमधून हे कसं समजावू? तमिळ येतं मला — भाजीवाल्यापुरतं, शेअर ऑटोपुरतं. लग्नात सुनेचं नाव का बदलतात, हे सांगण्याएवढं नाही येत.

तुमच्यात नाही बदलत? खरंच? — कमाल आहे. तीनशे वर्षं झाली तुम्हाला तंजावरला येऊन, घरात अजून आमच्या पणजीच्या वेळचं मराठी बोलता, आणि हे मात्र नाही. पूर्वी होतं का? कधी सुटलं? — बघा, तुम्हालाही ठाऊक नाही. सुटलेलं कधी सुटलं ते कोणालाच ठाऊक नसतं. मी एकाहत्तर साली आले इथं, आमच्या ह्यांची रेल्वेतली बदली. दारात रांगोळीऐवजी कोलम काढायला शिकले, सांबारात गूळ घालायचा सोडला — माझी कोणी परीक्षा नाही घेतली, शपथ नाही घ्यायला लावली. हळूहळू झालं ते. तिकडं मात्र त्यांच्यातलं होण्याचीही तारीख देतात. उन्मेषनं जानवं काढून ठेवलं — पोहायला जातो तिथं लोक विचारतात म्हणे. ठेव बाबा. स्वरदाचं, माझ्या नातीचं, शाळेत 'सारा' झालंय. त्याला नाही कोणी प्रतिज्ञापत्र मागत.

हां, लिहा. आमच्याकडे नवी सून घरात आली की लक्ष्मीपूजन होतं. ताम्हणात तांदूळ पसरायचे, आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहायचं. मग सगळ्यांना पेढे. एवढंच. पुष्कळ जणी तेवढ्यापुरतं नाव ठेवतात, तांदूळ डब्यात गेले की नावही गेलं. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे ठेवलेलं नाव चालवायचं. उन्मेषची ऊर्मी — 'उ'ला 'ऊ' जुळतो, ऐकायलाही गोड. लग्न मिरजेला झालं, तिथंच नोंद करायला गेलो, तिथला कारकून बरा होता बिचारा, म्हणाला, ताई, जन्माचं नाव लिहा, पुढं घोळ होतो. मीच म्हटलं, नाही, ऊर्मी लिहा, आता ती आमच्या घरची. आमचे हे गप्प बसले. ते नेहमीच गप्प बसायचे, आता तर काय, तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. मग त्या दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून व्हिसा, व्हिसावरून सगळं. एका कारकुनाचं ऐकलं असतं तर आज ह्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

वाचा, काय लिहिलंय त्यानं? इंग्रजी मला कळतं, सावकाश वाचलंत तर. — 'केवळ एक घरगुती रीत.' केवळ. हे त्याचं वाक्य आहे, माझं नव्हे. असू दे. नऊ वर्षं त्याच नावानं हाका मारल्या मी तिला, पत्रांवर तेच लिहिलं, आणि आता मीच सही करून द्यायची की त्याला काही अर्थ नव्हता. देते. तिला तिथल्या कागदावर प्राची हवंय — एक माणूस, एक नाव, तिथं मिसळायचं तर तसंच लागतं, असं उन्मेष म्हणतो. ती काहीच म्हणत नाही. फोनवर मी ऊर्मी म्हटलं की ओ देते, कशी आहेस विचारलं की बरी आहे म्हणते. पुढे वाचा.

— काय? परत वाचा ते. 'वधूच्या संमतीने.'

हे कोणी घातलं? — उन्मेषनंच. बरोबर आहे, त्याला तसंच वाटतं. — नाही नाही, काही नाही. पाणी असेल तर द्या जरा. — शपथेवर लिहून देते आहे ना मी हे? म्हणजे खोटं असलं तर — हं. माहीत आहे मला. आमच्या ह्यांनीही कचेरीत जन्म घालवला.

तिला विचारायला वेळ कुठे होता? लग्नघर, पन्नास माणसं, गुरुजींना पुढच्या लग्नाची घाई. उन्मेष अंगठी हातात धरून बसलेला, म्हणाला, काय लिहू? मी म्हटलं, ऊर्मी. ती माझ्या शेजारी होती. इकडं वाकली आणि हळूच म्हणाली — आई, नको ना. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच, 'आई, नको ना.' दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही, बायकांचा गलका चालला होता. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबूनच ठेवला. उन्मेषनं विचारलं, तिला आवडलंय ना? मी म्हटलं, अरे, विचारलंय मी तिला कालच, हो म्हणाली. त्यानं लिहिलं. ती खाली बघत होती.

आणि नऊ वर्षांत तिनं त्याला सांगितलं नाही. हा मजकूर तिनंही वाचला असणार, तिच्याच कामाचा कागद तो. वाचला आणि तसाच पाठवू दिला. माझी लाज राखली तिनं. मला वाटायचं घुमी आहे, शिकलेल्या मुली असतात तशा. मीच मनाशी धरलं होतं की हिला आमचं काही नको असतं. नको असतंच, मानाजीराव. कोणाला हवं असतं? माझं माहेरचं नाव अलकनंदा. सासूबाई म्हणाल्या, अख्खी नदी हाका मारायला कशाला, सुनंदा बरं. 'नंदा' तेवढी शिल्लक ठेवली. मी 'नको' असंही म्हणाले नाही, मला सुचलंच नाही. ही म्हणाली, तर मला राग आला. तो राग होता हो, रीत वगैरे काही नव्हतं. हे मी आजवर कोणाला बोलले नाही, आणि तुमची माझी तर तासाभराची ओळख.

खोडा ते. 'संमतीने' खोडा. काय लिहायचं? लिहा — वधू नको म्हणाली, ते मी ऐकलं, आणि मुलाला ती हो म्हणाली असं सांगितलं. — हो, असंच. — कचेरीला एवढं लागत नाही, ठाऊक आहे मला. दोन्ही नावं एकीचीच, एवढं त्यांना पुरे. कचेरीसाठी नाही लिहीत मी. — उन्मेष वाचेल, हो. पहिल्यांदा तोच वाचेल. फोन करेल, किंवा नाही करणार. महिना-दोन महिने नाही करणार. त्याचा स्वभाव त्याच्या वडिलांसारखा, रागावला की गप्प. पण मग जेवताना तिच्याकडे बघेल ना एकदा. तेवढं झालं तरी पुष्कळ.

झालं टाइप? द्या इकडं पेन. — कुठलं नाव म्हणजे? सुनंदाच लिहिणार. अलकनंदा म्हणून सही करायला शिकायच्या आधीच लग्न झालं माझं. — हं. मारा शिक्का. आणि आता काही विचारू नका.