स्क्रूशिवायची चौकट

सासरे : (टीव्हीवरच्या खेळातल्या कारखान्याकडे बोट दाखवत) पाडली.

सून : बाबा, हे काय केलंत? अख्खी स्क्रूची लाइन?

सासरे : मुळासकट. तू हात धुवून येईपर्यंत. बघ, चौकटी होतायत की नाही? पत्रा इकडून, तार तिकडून, झालं काम. चौकटीच्या तुझ्या रेसिपीत आधी सळई करा, मग सळईचे स्क्रू पाडा, मग ते पत्र्याला लावा. निम्मी वीज नुसती घरघरीत जात होती.

सून : अजून एकदा लावून बघितली असती.

सासरे : आठवडाभर तेच चाललंय, सूनबाई. दोन्ही रेसिप्या शेजारी शेजारी चालवायच्या, रोज तार जिंकते आणि रोज तुझं तोंड उतरतं. खेळ आहे हा, कोर्टातला खटला नाही. उभा जन्म कंपनीच्या स्क्रूच्या खात्यात काढलेला मी. मला वाईट वाटत नाही, मग तुला कशाला?

सून : (कंट्रोलर खाली ठेवत) कंपनीतही दुसरी रेसिपी आलीय, बाबा. स्क्रू नकोत. चौकटी गोंदानं चिकटवायच्या.

सासरे : चिकटवायच्या? आपल्या चौकटी? आणि स्क्रूचं खातं?

सून : बंद.

सासरे : अगं, त्या खात्याचा प्रमुख तुझा नवरा आहे. कोणी केली ही स्क्रू-गोंदाची तुलना? नियोजनात तूच बसतेस. तू केलीस?

सून : नाही.

सासरे : खरं सांग. घरच्याच माणसाच्या पोटावर पाय दिलास?

सून : त्यांनीच केली.

सासरे : कोणी?

सून : तुमच्या मुलानं. वरून विचारणा आली, तर म्हणाले, माझं खातं आहे, मीच मोजतो. आकडे तपासायला मला दिले. मी त्यात चूक शोधत होते. तिथे सापडेना, म्हणून इथे खेळात शोधत बसले वेड्यासारखी.

सासरे : आपली खुर्ची जाणार हे त्याला कळत होतं?

सून : पहिल्या दिवसापासून.

सासरे : ते खातं मी उभं केलं गं. रिकाम्या शेडमधून. आणि ते बंद करा म्हणून माझाच पोरगा लिहून देतो?

सून : कागद उद्या वर जातील. तुम्ही नको म्हणालात तर ते कागद पाठवणार नाहीत. मला ठाऊक आहे.

सासरे : आकडे बरोबर आहेत?

सून : बरोबर आहेत.

सासरे : मग कुठल्या तोंडानं नको म्हणू? पण त्यानं स्वतः का नाही सांगितलं मला? तू म्हणालीस, त्याला आज उशीर होईल.

सून : खोटं बोलले मी. आम्ही बरोबरच आलो. ते खाली गाडीत बसलेत. म्हणाले, तू आधी बोल, बाबांसमोर उभं राहायचा धीर होत नाही.

सासरे : मघापासून? एकटाच?

सून : फोन करून बोलावू का वर?

सासरे : नको. माझ्या चपला दे इकडे. त्याला जिना चढवत नसेल, तर मी उतरतो.